वाऱ्याचं लोखंड

अशफाक बसस्टँडसमोरून जात नाही. कारंज्यात राहून स्टँड टाळायचा म्हणजे बराच फेरा पडतो. मंगरूळपीर रस्त्यावरच्या दुकानातून घरी जाताना तो मागच्या गल्लीत शिरतो, धान्याच्या गोदामांच्या भिंतीला लागून चालतो. कोणी विचारलं तर म्हणतो, इकडून सावली असते. दिवस मावळल्यावरही हेच म्हणतो.

स्टँडवर त्याने बनवलेली एक वस्तू तुटली. ती वस्तू एका बाईच्या पायात होती.

चाळिशी ओलांडलेला हा माणूस ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो. सरकत्या खिडक्या, दुकानांची पार्टिशनं, डासांच्या जाळीची दारं. त्याचे वडील बदरुद्दीन लोखंडी पत्र्याच्या पेट्या बनवायचे. लग्नात मुलीला पेटी द्यायची रीत होती तोवर त्यांचा हातोडा थांबला नाही. पुढे पेट्यांच्या जागी कपाटं आली आणि अशफाक ॲल्युमिनियमकडे वळला. म्हाताऱ्याने एकदा दुकानात येऊन खिडकीच्या चौकटीसाठीचा एक लांब पोकळ सेक्शन बोटावर तोलला आणि खाली ठेवला. "हे काय धातू हाय? हवा हाय हवा," म्हणाला. अशफाकला राग आला नाही. आपणच तोलात कमी भरल्यासारखं वाटलं. ते वाटणं वडील गेल्यावरही गेलं नाही.

दुकानात एक खेळ आणला तो अशफाकच्या पुतण्याने. अरसलान अमरावतीला इंजिनियरिंग शिकतो. तिथल्या मुलांत हा खेळ चालतो. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा एक फासा. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी तिरंदाज, कोणी जादूगार, कोणी चोर. गोष्ट चालवणारा म्हणतो, तू दारापाशी आलास, आत अंधार आहे, काय करतोस? मग आपण सांगायचं आणि फासा टाकायचा. जमलं की नाही ते फासा ठरवतो. पहिल्याच रविवारी गोष्ट चालवायचं काम अशफाककडे आलं आणि त्याच्याकडेच राहिलं. त्याचा आवाज खोल आहे, आणि अंधाराचं वर्णन त्याला बरं जमतं.

त्या खेळात वजनाचे नियम आहेत. माणसाच्या ताकदीप्रमाणे तो किती ओझं वाहू शकतो ते ठरतं. लोखंडी पत्र्यांचं पूर्ण चिलखत तीसेक किलोचं. ते घातलं की वार कमी लागतात, पण चाल मंदावते, आणि दबकून जायचं असेल तर फासा दोनदा टाकावा लागतो आणि त्यातला कमी आकडा धरावा लागतो, कारण लोखंड वाजतं.

"चाचू, वजनाचं कोनी पाहत नाही," अरसलान म्हणाला होता. "अमरावतीले आमी सोडून देतो ते."

"अमरावतीले सोडत असान. हे धातूचं दुकान हाय," अशफाक म्हणाला.

त्याने स्वतःचा एक रिवाज पाडला. कोपऱ्यात भंगाराचं एक पोतं असायचं. ज्याला खेळात चिलखत घालायचं असेल त्याने तेवढ्या वजनाचं पोतं पाठीवर घेऊन दुकानात एक चक्कर मारायची. काच कापणारा गोलू, त्याच्याच दुकानातला कारागीर, पहिल्या खेपेला काचेच्या रॅकपर्यंत गेला आणि तिथेच बसला. "मी चोर बनतो भाऊ," म्हणाला. "चोराले कपडे बी कमी लागतेत."

सुचिता शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. धनजची, भाजीपाला पिकवणाऱ्या रंगरावांची मुलगी. रोज एसटीने ये-जा करायची. वय अडतीस, लग्न झालेलं नाही. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला. त्या पायात कॅलिपर: बुटापासून मांडीपर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी लॉक. बसताना लॉक उघडायचं, उठताना लावायचं. खेळाचे कागद छापायला अशफाक तिच्याकडे जायचा.

"वजन कायचं लिवता हो तुमी याच्यात?" तिने एकदा विचारलं.

त्याने सांगितलं. तिने मशीन थांबवून ऐकलं. पुढच्या रविवारी ती दुकानाच्या पायरीशी उभी होती. "मले बी घ्या," म्हणाली. "पन मले मोठं चिलखत पायजे. सगळ्यात जड वालं."

गोलूने पोत्याकडे पाहिलं. अशफाक घाईने म्हणाला, "ताई, तुमचं राहू द्या. तुमाले पोतं माफ."

"माफ कायले?" सुचिता बाकावर टेकली आणि गुडघ्याचं लॉक उघडलं. "मी तं घालूनच आली."

सगळे हसले, तीसुद्धा. मग अरसलानने उगाच फासा टाकला.

सुचिताची सरदारीण दारात उभी राहायची. तेच तिचं काम. बाकीचे आत शिरायचे, लुटायचे, पळायचे. ती उंबऱ्यावर वार खायची. तिची वाक्यंही तेवढीच असायची. मी उभी राहते. मी मार खाते. मी हलत नाही. असे किती तरी रविवार गेले.

मग एक दिवस अरसलानने मोबाइलवर नियमांतला एक भाग काढला.

"चाचू, आयका. एक धातू हाय. त्याचं चिलखत अर्ध्या वजनाचं. वाजत नाही, चाल कमी होत नाही, दोनदा फासा टाकायची भानगड नाही. आन वार लोखंडाएवढाच झेलते."

"अर्ध्या वजनात तेवढाच वार?" अशफाक हसला. "कोन लिवलं हे? त्याले माह्या दुकानात धाड."

"काहून भाऊ?" गोलू म्हणाला. "आपन गिऱ्हाईकाले काय सांगतो? हलकं हाय पन मजबूत हाय."

"ते धंद्याचं बोलनं झालं बे. हलकं म्हनजे मऊ. मऊ नोको तं जाड करा. जाड केलं का वजन आलं. त्याच्यातून कोनी सुटलं नाही."

"चाचू, तुमच्या गोष्टीत हत्तीएवढा अजगर उडते," अरसलान म्हणाला. "त्याले वजन नसते का?"

गोलू टेबलावर हात आपटून हसला. या हशात सुचिताने विचारलं, "त्याच्यात पळता येते का?"

हसणं थांबलं.

"येते ताई," अशफाक म्हणाला.

तिने मान हलवली आणि पेन्सिलीचं टोक पाहत बसली.

आठवडाभर अशफाक खिडक्या जोडत होता आणि डोक्यात गुहा खोदत होता. पुढच्या रविवारी त्या गुहेत एक चिलखत सापडलं. त्याच्या मापाचं गोष्टीत दुसरं कोणी नव्हतं. गोलूने धातूला नाव दिलं, वाऱ्याचं लोखंड. सुचिताने कागदावरचं जुनं वजन खोडलं, अर्धं लिहिलं, आणि तिची पाळी आली.

"मी पळते," ती म्हणाली.

"कोठी?" अशफाकने विचारलं.

"कोठीच नाही. नुसती पळते."

"ताई, मांगं राक्षस लागला का?" गोलू म्हणाला.

"नाही. कोनी नाही मांगं. मोकळं रान हाय. मले पळू द्या."

अशफाकने तिच्यासाठी रान उभं केलं. कापणी झालेलं, खुंट नसलेलं, पायाला माती मऊ लागेल असं. ती टेबलाच्या कडेला धरून बसली होती आणि डोळे मिटले होते. कोणी फासा टाकला नाही. शेजारून पापड तळल्याचा वास येत होता. बराच वेळ ती पळाली.

त्या दिवशी घरी जाताना अशफाकला वाटलं, हे आपण दिलं. त्याने आयुष्यात लोकांना प्रकाश येईल आणि डास येणार नाहीत एवढंच दिलं होतं. हे त्याहून मोठं होतं. माणसाला आपल्या दानाची चव लागली की तो दुसऱ्याची भूक स्वतःच ठरवायला लागतो.

त्याने सुचिताच्या मागे लकडा लावला. तुमचं कॅलिपर मी बनवून देतो, ॲल्युमिनियमचं, अर्ध्याहून हलकं.

"कायले भाऊ? चालते माह्यं," ती म्हणायची.

"चालते म्हनजे ओढते. एकदा घालून तं पाहा."

ती नाही म्हणायची, तो पुन्हा विचारायचा. शेवटी ती हो म्हणाली. ती कशामुळे हो म्हणाली हे अशफाकला माहीत होतं. टेबलाशी मिटलेले ते डोळे त्याने पाहिले होते, आणि त्याच डोळ्यांशी तो बोलत होता.

सरवरी, त्याची बायको, जेवण वाढताना म्हणाली, "खिडकी बनाते हो ना, तो खिडकी बनाओ. इन्सान का पाँव है वो."

त्याने ऐकलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

एका बंगल्याच्या कामातून उरलेला जाड चौकोनी सेक्शन होता, लाकडाच्या रेषांची छपाई असलेला. भारी माल. त्याने त्याच्या दोन पट्ट्या कापल्या, कडा घासल्या, लॉकसाठी आणि रिव्हेटसाठी भोकं पाडली. जुन्या कॅलिपरचा बूट, चामडी पट्टे आणि लॉक काढून नव्याला लावलं. मग ते जमिनीवर उभं धरून वर फळी ठेवली आणि तिच्यावर गोलूला बसवलं.

"टिकलं का?" गोलू वरून म्हणाला.

टिकलं. उभ्या भाराला ते टिकणारच होतं. पण बसच्या पायरीवरून उतरताना भार उभा येत नाही. तिरका येतो, गुडघ्यापाशी येतो, भोकावर येतो. हे अशफाकला कळत नव्हतं असं नाही. खिडकी तुटते ती नेहमी स्क्रूच्या भोकापाशी, हे तो नव्या कारागिरांना स्वतः सांगायचा. मग जाड सेक्शन घेतला ना, असं त्याने स्वतःला सांगितलं. गिऱ्हाईकाशी बोलायची भाषा तो स्वतःशी बोलला, आणि गिऱ्हाईकासारखाच पटला.

जुन्या लोखंडी पट्ट्या टेबलावर पडल्या होत्या. सुचिता म्हणाली, "त्या राहू द्या भाऊ. लागल्या तं लागल्या."

"ताई, नवी खिडकी बसवल्यावर जुनी चौकट कोन ठेवते?" तो म्हणाला, आणि पोत्यात मावाव्यात म्हणून कटरने त्याने त्या मधोमध कापल्या. ठिणग्या उडाल्या. सुचिता डोळ्यांवर हात घेऊन हसत मागे सरली.

ते काही आठवडे चांगले गेले. इतके चांगले की पुढे अशफाकला त्यांचाच जास्त त्रास झाला. सुचिता कंडक्टरचा हात न धरता उतरायला लागली. झेरॉक्सच्या दुकानातून चहाच्या टपरीवर स्वतः जायला लागली. एकदा ती त्याला म्हणाली, "भाऊ, आता पाय विसरून जाते मी. सांजच्याले घरी गेल्यावर ध्यानात येते, अरे, हा हायच की." अशफाकने ते वाक्य घरी नेलं. कोणाला सांगितलं नाही, जवळ ठेवलं.

आणि एका सोमवारी सकाळी, कारंज्याच्या स्टँडवर, धनजहून आलेल्या बसच्या शेवटच्या पायरीवरून सुचिताने डावा पाय खाली टेकवला आणि पट्टी भोकापाशी तुटली. ती हातावर पडली. मनगट मोडलं. गर्दी जमली. कोणी पाणी आणलं, कोणी रिक्षा आणली. साडी आवरता आवरता ती सगळ्यांना सांगत होती, काही नाही झालं, काही नाही झालं. कोणीतरी तुटलेला तुकडा उचलला, उलटा करून पाहिला. लाकडाच्या रेषा.

"अबे, हे तं खिडकीचं हाय!"

"बाईच्या पायाले खिडकी बसवली का कोनी?"

काही जण हसले. वाईट माणसं नव्हती ती. हसण्यासारखं होतं म्हणून हसली.

गोलूचा स्टँडवरून फोन आला तेव्हा अशफाक ड्रिल चालवत होता. त्याने ऐकलं, फोन ठेवला आणि उरलेलं भोक पाडून पूर्ण केलं. सुचिताला दवाखान्यात नेलं होतं. तो निघाला नाही. दुपारनंतर एक गिऱ्हाईक आलं, नव्या घराला खिडक्या हव्या होत्या. माणूस मोकळा होता, गप्पिष्ट होता.

"भाऊ, मजबूत पायजे बरं का," तो म्हणाला. "नाहीतर ते स्टँडवरच्या बाईसारखं व्हायचं. आयकलं का तुमी? पायात खिडकी घालून फिरत होती म्हने."

अशफाक हसला.

नुसतं ओठांनी नाही. आवाज करून, मान मागे टाकून, दुकानदार गिऱ्हाईकाच्या विनोदाला हसतो तसा. मग त्याने माप लिहून घेतलं. माणूस गेल्यावर तो दुकानाच्या मागच्या बाजूला गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुढे लोकांनी काय म्हटलं, गावाने काय म्हटलं, हे तो विसरत गेला. ते हसू मात्र त्याला तोंडात लागलेल्या फोडासारखं होतं. जीभ दिवसातून कितीदा तरी तिथेच जायची.

रविवारी त्याने शटर उघडलं नाही. अरसलानला सांगितलं, फासा हरवला. अरसलान म्हणाला, दुसरा आणतो. अशफाक म्हणाला, नको.

मग एका दुपारी तो धनजला गेला. रंगरावांचं घर वावरातच आहे, वांग्यांच्या वाफ्यांना लागून. दार उघडं होतं. आत शिरण्याआधी त्याने पाहिलं. सुचिता जमिनीवर होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून कुबडी धरता येत नव्हती. डाव्या हातावर जोर देऊन ती बसल्या बसल्या स्वतःला पुढे ओढत होती. माठापर्यंत जायचं होतं. थोडं सरकायची, थांबायची, पदर सारखा करायची. घरात कोणी नव्हतं, तरी सारखा करायची.

अशफाक उलट्या पावली फिरला.

"मिले?" सरवरीने विचारलं.

"घर पे कोई नहीं था."

सरवरी त्याच्याकडे पाहत राहिली. "लंगडी औरत," ती म्हणाली, "कहाँ गई थी?"

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. या वेळी रंगराव दारातच पालकाच्या जुड्या बांधत बसले होते. म्हाताऱ्याने त्याला पाहिलं आणि बसायला पोतं सरकवलं.

"ये बापा. कुठं होता इतक्या दिवस? चहा घेशीन?"

"काका, मी..."

"तू काय करशीन? तू आमच्या पोरीसाठी केलं. लॉकच लावलं नव्हतं तिनं. घाई करते पोट्टी. लहानपणापासून घाईच." त्यांनी जुडी दोऱ्याने आवळली. "जा, आत हाय."

सुचिता भिंतीला टेकून बसली होती. आवडाबाई, तिची आई, चुलीपाशी होती; ती चहा ठेवून वाफ्यांकडे निघून गेली. अशफाक उंबऱ्याजवळच बसला.

"काकाले तुमी लॉकचं सांगतलं?" त्याने विचारलं.

"हो."

"लॉक तं लागलं होतं."

"लागलं होतं."

"मंग काहून? माह्यासाठी?"

"तुमच्यासाठी कायले?" सुचिता म्हणाली. तिचा आवाज हळू होता, बाहेर जाऊ नये असा. "काय सांगू बाबाले? मी गावभर खिडकी घालून फिरत होती? लाज तुमालेच येते का, भाऊ? माही काय?"

त्याला हे कधी सुचलंच नव्हतं. इतके दिवस त्याने ती लाज एकट्याची म्हणून सांभाळली होती, गल्लीबोळांतून नेली होती. त्या लाजेतला मोठा वाटा इथे जमिनीवर बसलेला होता.

"मले माहीत होतं ताई," तो म्हणाला. "भोकापाशी तुटते. मी पोरांले शिकवतो."

तिने मान वर केली. "माहीत होतं आन तरी बनवलं?"

"हो."

"खेळात टिकलं म्हनून?"

त्याने मान हलवली.

"मले बी तसंच वाटलं," ती म्हणाली. "मी तं शिकलेली. मले बी तसंच वाटलं." मग प्लास्टर मांडीवर ठेवून ती म्हणाली, "जाऊ द्या. माह्यं जुनं आनून द्या. बूट, लॉक हाय इथंच. पट्ट्या तेवढ्या आना. कोनाकडून तरी बसवून घेईन."

अशफाकने तिच्याकडे पाहिलं. तिला ठिणग्या आठवत नव्हत्या. किंवा आठवत होत्या, पण त्या कशाच्या होत्या ते तिने तेव्हा पाहिलं नव्हतं; ती हसत मागे सरली होती.

"कापल्या त्या," तो म्हणाला. "मधातून. तवाच."

आतापर्यंत तिचा चेहरा नीट होता. पडण्याचं, हसण्याचं, सरपटण्याचं सगळं त्या चेहऱ्याने पेललं होतं. आता तो हळूहळू सुटला.

"म्हनजे आता माह्याजवळ काईच नाही?" ती म्हणाली.

अकोल्याला एका संस्थेचा कारखाना आहे, तिथे कॅलिपर बनतात. प्लास्टर निघाल्यावर अशफाक दुकानाच्या टेम्पोतून सुचिता आणि रंगरावांना तिथे घेऊन गेला. वाटेत रंगराव वांग्यावरच्या अळीबद्दल बोलत होते. अशफाक 'हो काका' म्हणत होता.

माप घेणारी बाई पन्नाशीची होती, केस पांढरे, एप्रनला प्लास्टरचे डाग. तिने सुचिताला उंच बाकावर बसवलं, पाय तपासला आणि टेबलावर दोन कॅलिपर ठेवली. एक लोखंडी. दुसरं हलकं: साच्यातून काढलेलं प्लास्टिक आणि बाजूला मिश्रधातूच्या पट्ट्या.

"हे आम्ही बरंच देतो आता," ती हलक्यावर हात ठेवून म्हणाली. "निम्म्याहून कमी वजन. तुमच्या पायाला चालेल. आधी इथेच चालवून पाहू."

सुचिताने ते उचललं नाही. "लोखंडी द्या," म्हणाली.

"हलकं घे न व," रंगराव म्हणाले. "पहिलं हलकंच होतं तुह्यं. चांगलं चालत होती तू त्याच्यात. लॉक लावायचं ध्यान ठेव म्हनजे झालं." ते अशफाककडे वळले. "तू सांग हिले. तुले धातूतलं समजते."

अशफाकने पट्टी हातात घेतली. नखाने ठोकली, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. भोकाभोवती धातू जाड ठेवलेला होता, कड गोल केलेली होती. हे त्याच्या धातूचं सख्खं भावंड नव्हतं. हे टिकलं असतं. सुचिता यात पाय विसरली असती. पण हे सांगायचं म्हणजे ते का तुटलं हे आधी सांगावं लागत होतं, आणि ते या म्हाताऱ्यासमोर.

सुचिता त्याच्याकडे पाहत होती. तिने मान किंचित हलवली. नको, अशी.

"काका," अशफाक म्हणाला. "लॉक लागलं होतं."

"कायचं?"

"ताईनं लॉक लावलं होतं. माह्यंच तुटलं. मी खिडकीचं सेक्शन लावलं, भोकापाशी कच्चं राह्यलं. मले माहीत होतं ते." त्याने पट्टी टेबलावर ठेवली. "तुटल्यावर गिऱ्हाईक हसलं, तं मी बी हसलो." हे शेवटचं सांगायची गरज नव्हती. ते आपोआप आलं. मग तो सुचिताकडे वळला. "पन हे तसं नाही ताई. हे पाहून बनवलं हाय. घ्या हे. माह्यं खरं नका मानू, बाईंचं माना."

रंगरावांनी आधी मुलीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाहेर व्हरांड्यात गेले. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर अशफाकला बरं वाटलं असतं.

"बाबाले सांगायचं नव्हतं," सुचिता म्हणाली.

"सांगतल्याबिगर तुमी हे घेतलं नसतं."

"सांगतल्यावर बी नाही घेत." तिने लोखंडी कॅलिपर ओढून मांडीवर घेतलं. तिच्या हातात ते जड दिसलं. "ते टिकते, मले समजते. बाई खोटं कायले बोलतीन? पन हलकं पायात आलं का माह्या मनात ते तुटतच राहीन. बसमधून उतरतानी, पायरीवर, माठाजवळ. हे तुटत नाही. याची मले फिकर नाही."

"वर्षभराने बदलता येईल," माप घेणारी बाई म्हणाली.

"तवा पाहू," सुचिता म्हणाली, पण ते तिने न पाहण्याच्या आवाजात म्हटलं.

बाईने लोखंडाच्या दोन सरळ पट्ट्या आणल्या आणि खडू घेतला. पायाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या धराव्या लागतात, म्हणजे गुडघ्याची जागा नेमकी आखता येते. मदतनीस जेवायला गेला होता. "कोणीतरी धरा," ती म्हणाली, आणि दाराकडे पाहिलं. व्हरांड्यात रंगराव पाठ करून उभे होते.

"तुमी धरा," सुचिता अशफाकला म्हणाली.

तो बाकापाशी गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांत पट्ट्या घेतल्या. थंड होत्या, आणि त्याला वाटलं होतं त्याहून खूप जड. हे ती रोज उचलत होती, आणि पुढे आयुष्यभर उचलणार होती. पट्टीची सावली तिच्या वाळलेल्या पोटरीवर इकडून तिकडे व्हायला लागली.

"सरळ धरा भाऊ," सुचिता म्हणाली. "आन माह्याकडं पाहू नका. पट्टीकडं पाहा."

त्याने पट्टीकडे पाहिलं. बाईने खडूने रेघ मारली.